जिन्याचं वळण

"गो शर्मिष्ठा, हो जिनो खय गेलो?"

धोंडूमामांनी टॅबलेट माझ्या नाकासमोर धरला. पडद्यावर त्यांचा बाहुला, पांढरा सदरा आणि निळी पँट घातलेला, सातेरी टॉवरच्या तळमजल्यावर भिंतींना धडका देत फिरत होता.

"मामा, जिना लागत नाही इथे. ते लिफ्टचं दार दिसतंय ना, त्याला बोट लावा. डायरेक्ट पाचव्या मजल्यावर, तुमच्या दारात."

"ता माका समाजला गो. माका जिनो दाखव."

"जिना नाहीये, मामा."

"सात माळ्यांची बिल्डिंग आणि जिनो नाय? ही बांधल्यान कोणी?"

"मीच," मी म्हटलं, आणि अख्खं अंगण हसलं.

कांजूरमार्गची आमची सातेरी चाळ. तळमजला, वर दोन माळे, चौसष्ट खोल्या. बहुतेक घरं कोकणातली, गिरण्या बंद पडल्यावर मिळेल ते काम धरून राहिलेली. मागच्या अंगाला दहा-बारा घरं बौद्धांची, साताऱ्या-सोलापूरकडची. चाळ पडणार आणि तिच्या जागी सात मजली इमारत येणार, हे आम्ही आठ वर्षं ऐकत होतो. त्या शनिवारी दुपारी बिल्डरचा माणूस सुबोध बारा टॅबलेट घेऊन अंगणात आला. "कागदावरचे नकाशे तुम्हाला कळत नाहीत ना? मग नव्या घरात चालूनच बघा," म्हणाला. इमारत एका ऑनलाइन जगात उभी होती. प्रत्येकाला एक बाहुला मिळायचा. त्याला घेऊन आत शिरायचं, दारं उघडायची, खिडकीशी उभं राहायचं, शेजाऱ्याशी बोलायचं. पुढच्या रविवारी संमतीचे फॉर्म भरायचे.

ती इमारत मी बांधली होती. खोटं कशाला बोलू, त्या दुपारी माझी छाती फुगली होती.

मी मूळची ड्राफ्ट्समन. वीस वर्षं आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढले, आधी हाताने, मग कॉम्प्युटरवर. आता पवईच्या एका कंपनीत ऑनलाइन जगातली घरं, बाजार, रस्ते बांधते. लोक तिथे प्लॉट घेतात, लग्नाचे हॉल भाड्याने घेतात, प्रदर्शनं भरवतात. तिथे पाऊस पडत नाही, म्हणून छपरांना उतार नसतो. कुणाला लागत नाही, म्हणून संडास नसतो. तीन वर्षं मी संडास नसलेली शहरं बांधली आणि त्याचा पगार घेतला. सातेरी टॉवरमध्ये पहिल्यांदा संडास काढला, तेव्हा मला एकटीलाच हसू आलं होतं.

माझ्या आईने त्या शनिवारी दुसरं काही बघितलंच नाही. तिचे गुडघे गेलेत, आणि चाळीचा संडास गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला. तिने आपली हिरव्या साडीतली बाहुली सरळ बाथरूममध्ये नेली आणि तिथेच उभी केली.

"आई, हॉल बघ ना. बाल्कनी बघ."

"राहू दे गं. किती ऐसपैस आहे बघ. खुर्ची टाकून आंघोळ करता येईल मला." मग शेजारच्या शकुमावशीला हाक मारून, "शकु, ये गं माझ्या न्हाणीत!"

शकुमावशीची बाहुलीही आत आली, आणखी दोघी आल्या. चार बायका माझ्या आईच्या बाथरूममध्ये उभ्या राहून गप्पा मारत होत्या. मला भरून आलं. गाढव होते मी.

धोंडूमामा तेवढे खालीच राहिले. जिना शोधत.

आता धोंडूमामा कोण, ते सांगायला हवं, कारण चाळीबाहेर त्यांना कुणी ओळखत नाही. गिरणी गेल्यावर एका कारखान्यात वॉचमन म्हणून लागले, तिथूनच रिटायर झाले. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. पाच फुटांचा माणूस. पण चाळीत कुणी गेलं की पहिली हाक त्यांना. बांबू, सुतळी, मडकं, गवऱ्या, काय कुठे मिळतं ते त्यांना ठाऊक. तिरडी तेच बांधायचे आणि खाली उतरवायचेही तेच. उतरताना सगळा भार पुढच्या माणसावर येतो, म्हणून ते नेहमी पुढे. जिन्यात त्यांच्याशिवाय कुणी बोलायचं नाही, हा त्यांचा नियम. मयताच्या घरी कधी घास घेतला नाही, कोरा चहा तेवढा.

माझे बाबा गेले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. भाऊ नाही, काका गावाला. चौथा खांदा कमी पडत होता आणि कुणीतरी म्हणालं, चादरीत गुंडाळून पटकन खाली घेऊ, खाली बांधू. धोंडूमामांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो मागे सरला. मला म्हणाले, "तू ये. खांदो दी." मी म्हटलं, मामा, माझ्या हातून पडले तर? तर म्हणाले, "पडाचे नाय. सावकाश उतरूया. बापूस असा तुजो, सामान न्हय."

तेव्हा जिना का विचारत होते, हे मला त्या शनिवारीच कळायला हवं होतं. नाही कळलं. हसले मी, बाकीच्यांसारखी.

सोमवारी ऑफिसात म्हटलं, म्हाताऱ्याची हौस, घालू जिना. मंजूर झालेला नकाशा उघडला. एका मजल्याला सतरा पायऱ्या, पायरीची उंची सात इंच. तसाच्या तसा काढला आणि इमारतीत बसवला. जिना पहिल्या मजल्याच्या पाच फूट खाली हवेतच संपला.

आधी स्वतःलाच शिव्या घातल्या. पुन्हा मोजलं. सतरा सत्ते एकशेएकोणीस इंच, म्हणजे जवळपास दहा फूट. नकाशात मजला दहा फुटांवर. माझ्या इमारतीत पंधरावर.

आणि मग मला उमगलं, मी काय करून बसले होते.

आमच्या कामाची एक रीत आहे. त्या जगात तुम्ही बाहुल्याच्या डोळ्यांनी बघत नाही, त्याच्या डोक्यामागे चार-पाच फुटांवर तरंगत असता. खोली खऱ्या मापाची बांधली, तर तुम्ही भिंतीत जाता आणि नुसतं प्लास्टर दिसतं. म्हणून तिथे सगळं दीडपट बांधायचं. भिंती, दारं, छत. पहिल्याच आठवड्यात शिकवतात, मग हाताला सवयच लागते. त्यात कुणी फसत नाही, कारण तिथे कुणी राहणार नसतं.

पण माझी आई राहणार होती. बाहुली पाच फुटांची, पलंग सहा फुटांचा, आणि खोली दीडपट लांब, दीडपट रुंद. तीनशे फुटांचं घर मी तिला पावणेसातशे फुटांचं दाखवलं होतं. वीस वर्षं ड्राफ्ट्समन म्हणून घालवलेल्या बाईने! मला सांगितलं होतं की हे जाहिरातीसाठी आहे. सांगितलं असेल. डोकं कुणी काढून घेतलं नव्हतं माझं.

तशीच उठले आणि देवेशच्या केबिनमध्ये गेले. देवेश माझा बॉस. माझ्याहून सोळा वर्षांनी लहान, पण ऑफिसात सगळे एकमेकांना अरे-तुरे.

"सातेरीचं स्केल चुकलंय. खऱ्या मापावर आणायला हवं. रविवारी लोक त्यावर सह्या करणारेत."

"चुकलं कुठे? आपण नेहमी असंच बनवतो ना, यार."

"नेहमी लोक त्यात राहायला जात नाहीत."

"हे बघ, खऱ्या मापाचं केलं तर कॅमेरा भिंतीत घुसेल, म्हाताऱ्यांना चक्कर येईल. आणि खाली लिहिलंय ना, चित्र केवळ प्रातिनिधिक."

"माझी आई न्हाणी मोठी आहे म्हणून खूश झालीय, देवेश. खालची ओळ वाचून नाही."

"मग तर चांगलंच आहे. खूश आहेत लोक." तो हसला. "सुबोधला माहितीये सगळं. त्याला तर हेच आवडलं. म्हणाला, कागदावर दाखवलं की लोक भांडतात, इथे नाचतात."

म्हणजे चूक माझी एकटीची नव्हती. मी सवयीने केलं होतं, आणि यांनी ते बघून, ओळखून, खिशात घातलं होतं. असा संताप आला की समोरचा कॉफीचा मग त्याच्या डोक्यात घालावा.

"आणि जिना?" मी विचारलं. "जिना पोचत नाही."

"मग तोही दीडपट कर. मॅच होईल. काय प्रॉब्लेम आहे?"

माझ्या डोक्यात हिशेब आपोआप झाला. नकाशात जिन्याचं वळण साडेतीन फुटांचं होतं, आणि वळणाच्या वरच्या आणि खालच्या पायऱ्यांच्या मध्ये कठडा नाही, भिंत. दीडपट केलं की सव्वापाच फूट. तिरडी अलगद वळली असती. धोंडूमामांनी बघितलं असतं, मान डोलावली असती आणि सही केली असती. त्या माणसाला मी खोटा जिना बनवून द्यायचा होता.

"नाही करणार," मी म्हटलं.

"ठीक. मग जिना नको घालूस. कोण बघतंय?"

गुरुवारी संध्याकाळी धोंडूमामा आमच्या दारात आले. "झालो जिनो?"

मी सगळं सांगितलं. माझी सवय, दीडपट, देवेश, सुबोध, सगळं. आई गॅस बंद करून ऐकत राहिली. मला वाटलं मामा ओरडतील. ते नाही ओरडले. दाराच्या चौकटीला हात लावून उभे राहिले.

"खरा माप घालून दाखवशीत? सगळ्यांका?"

"दाखवते. नोकरी जाईल, पण दाखवते."

"मगे तेच्यात एक फळी घाल. सात फूट लांब, दोन फूट रुंद."

कशाला, ते आईनेही विचारलं नाही, मीही नाही.

मामा गेल्यावर आई म्हणाली, "म्हणजे माझी न्हाणी खोटी?"

"न्हाणी खरी आहे. एवढी नाही."

"खुर्ची बसेल?"

"नाही बसणार, आई."

तिने गॅस पुन्हा पेटवला. मग म्हणाली, "तरी घरातच आहे ना गं ती?" घरातच होती.

रविवारी सकाळी अंगणात ताडपत्री घातली होती, खुर्च्या मांडल्या होत्या, एक मोठा पडदा लावला होता, वडापाव आणले होते. सुबोधच्या टेबलावर फॉर्मचा गठ्ठा. मी अर्ध्या तासापूर्वी टॅबलेटवरची दीडपट इमारत काढून खऱ्या मापाची चढवली होती. कुणाला काही बोलले नव्हते. लोकांनी टॅबलेट उचलले आणि पाचच मिनिटांत गलका सुरू झाला.

"अगं, घर आटलं की काय?"

"माझा बाहुला दारातच अडकलाय. ए सुबोध, धक्का दे ना याला!"

"ही बेडरूम? पलंग घातल्यावर मी काय पलंगावरून उड्या मारत जाऊ?"

सुबोध घामाघूम. "टेक्निकल प्रॉब्लेम आहे, पाच मिनिटं, नेटवर्क..."

"नेटवर्क ठीक आहे," मी उठून उभी राहिले. "हे खरं माप आहे. नकाशातलं. गेल्या शनिवारी तुम्ही बघितलंत ते दीडपट होतं. ते मीच बांधलं होतं. चूक माझी आहे, पण सुबोधला ती माहीत होती आणि त्याने तुम्हाला सांगितलं नाही."

"ताई, तुम्ही कंपनीच्या माणूस आहात, असं बोलू नका..."

"मी सातेरी चाळीची माणूस आहे रे! खोली नंबर बावीस!"

चोर तो चोर वर शिरजोर. मला गप्प करायला उठला होता, तेवढ्यात धोंडूमामा उठले. "भांडण मगे करा. आधी माका तीन माणसां होयी, चवथो मी."

शकुमावशी उठली. तिचे मालक याच चाळीत, दुसऱ्या माळ्यावर गेले होते, आणि धोंडूमामांनीच उतरवले होते. तिच्यापाठोपाठ दोन तरुण मुलं. चार टॅबलेट, चार बाहुले. सातव्या मजल्यावर मी ती फळी ठेवली होती. मोठ्या पडद्यावर सगळ्यांना दिसत होतं. सुरुवातीला लोक हसत होते. बाहुल्यांना फळी धरायला लावणं सोपं नव्हतं. एक पुढे पळायचा, एक भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा.

"सावकाश," धोंडूमामा म्हणाले. "शकु, तू मागे रव. पुढे मी." त्यांचा पांढऱ्या सदऱ्यातला बाहुला पुढच्या टोकाला गेला. "चला. एक एक पायरी. कोणी बोलाचा नाय."

आणि अंगण गप्प झालं. आपोआप झालं. चाळीतल्या प्रत्येकाने तो आवाज कधी ना कधी ऐकला होता.

आठ पायऱ्या नीट उतरले. मग वळण. पुढचं टोक समोरच्या भिंतीला टेकलं. मामांनी बाहुला थोडा मागे घेतला, फळी तिरकी केली. मागचं टोक मधल्या भिंतीला अडलं. उचलून बघितली, पण वर छत, बाजूला भिंत. पुन्हा मागे. पुन्हा पुढे. सत्तरीचा माणूस बोटाने पडद्यावर एक मेलेलं माणूस वळवत होता आणि ते वळत नव्हतं. कुणीतरी हुंदका दिला.

"काका," सुबोध हळू आवाजात म्हणाला, "लिफ्ट आहे ना. सहा माणसांची."

"लिफ्टीत उभो करून न्हेतलंस? मेलेलो माणूस उभो रवता?"

"आजकाल घरी कोण मरतं काका? सगळे हॉस्पिटलातच..."

"काय बोललास?" शकुमावशी खुर्चीवरून उठली. "कोण मरतं? माझा नवरा मेला घरी! माझ्या मांडीवर! मग काय करायचं होतं, खिडकीतून टाकायचं होतं? आमचं राहणंही नाही मोजलंत, मरणंही नाही मोजलंत. मग मोजलंत काय रे तुम्ही?"

सुबोध फॉर्म सारखे करत राहिला. कागद सरळ होते, तरी सारखे करत राहिला. मग म्हणाला, ज्यांना संमती द्यायचीय त्यांनी रांग लावा, आजचा शेवटचा दिवस आहे.

धोंडूमामा रांगेत पहिले. फॉर्म घेतला आणि सहीच्या वर, कोऱ्या जागेत, गिरणीत शिकलेल्या मोठ्या अक्षरांत लिहिलं: जिन्याचं वळण पाच फूट. नाहीतर संमती नाही.

"अट घातलेला फॉर्म बाद," सुबोध म्हणाला. आता त्याचा आवाज स्थिर झाला होता. "आणि बाद फॉर्मवाल्यांना मजला निवडता येणार नाही. उरेल तो घ्यायचा. मग तक्रार चालणार नाही."

"बाद कर," धोंडूमामा म्हणाले आणि कागद त्याच्यापुढे ठेवला. त्यांच्यामागे शकुमावशी. तिनेही तेच लिहिलं.

पुढचं आत्ताच सांगून टाकते, उगाच आशा नको. चौसष्टांपैकी एकोणचाळीस जणांनी काहीही न लिहिता सही केली. बिल्डरला तेवढे पुरले. आता पाया खणलाय, आणि वळण साडेतीन फुटांचंच आहे. सही करणाऱ्यांच्याही अडचणी आहेत, गळकी छतं आहेत, वयात आलेल्या मुली आहेत, त्यांना दोष देऊ नये असं सगळे म्हणतात. मी देते. त्यांनी आपल्या डोळ्यांनी बघितलं होतं. माझा पासवर्ड देवेशने सोमवारी सकाळी नऊलाच बंद केला. ऑनलाइन जगात पुन्हा ती मोठी इमारत उभी आहे, आणि दुसऱ्या चाळींना तीच दाखवतात असं ऐकते. तिथे खाली माझं नाव अजून आहे. काढा म्हणून तीन मेल केल्या. उत्तर नाही.

पण त्या रविवारी रांग अजून सरकत होती, आणि माझी आई टेबलापाशी पोचली होती.

"या मावशी," सुबोध एकदम गोड झाला. "तुमचं मी लिहूनच ठेवलंय. पहिला मजला, लिफ्टच्या बाजूला. गुडघ्यांचं माहितीये मला. तुम्ही फक्त सही करा."

आईने पेन घेतलं. माझ्याकडे बघितलं नाही. मी काही बोलणार नव्हते, ठरवलं होतं. गॅलरीच्या टोकापर्यंत भिंत धरून चालत जाते ती, मी नाही.

"काय लिहिलं गं धोंडूभावजींनी?" तिने विचारलं.

मी सांगितलं.

आई दुसरी शिकलेली. सही करते, त्यापलीकडे तिने जन्मात काही लिहिलेलं मी पाहिलं नाही. तिने माझा डावा हात ओढून टेबलावर उताणा ठेवला. "हितं लिही. मी बघून काढते."

मी तळहातावर लिहिलं. तिने माझं मनगट घट्ट धरलं, चष्मा वर सरकवला आणि फॉर्मवर 'जि' काढायला घेतला.

"मावशी, फॉर्म बाद होईल," सुबोध म्हणाला. "जो मजला उरेल तो मिळेल."

"थांब रे, चुकेल माझं," आई म्हणाली, आणि माझ्या हाताकडे बघून पुढचं अक्षर काढू लागली. मागे अजून वीसेक माणसं उभी होती. कुणीही घाई केली नाही.